हात कुठे पडला

“ते कळलं. पण त्या माणसाचं पुढे काय झालं?”

रंभाजीबुवांनी हाच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, तेव्हा जयंत उकिडवे जरा चिडला. इतका रंगवून सांगितलेला किस्सा, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष भलतीकडेच.

किस्सा तसा नामी होता. अपघातात मान कायमची अवघडली म्हणून एका माणसाने विमा कंपनीकडे भरपाई मागितली होती. गळ्यात पट्टा, चेहरा रडवेला. जयंतने त्याला भाचीच्या हळदीत ढोलावर नाचताना पकडला. पट्टा खिडकीच्या गजाला टांगलेला होता.

पंधरा-सोळा वर्षं जयंतने हेच केलं होतं. विम्याचे दावे तपासायचे, आणि खोटं बोलणारा शोधून काढायचा. पुण्यात त्याच्या कचेरीत म्हणत, उकिडव्यांनी नुसतं बघितलं तरी लंगडा सरळ चालायला लागतो. हे वाक्य जयंतला मनापासून आवडायचं.

“पुढे काय व्हायचं?” तो म्हणाला. “दावा फेटाळला.”

“दाव्याचं नाही विचारलं. माणसाचं विचारलं.”

“ते माझं काम नव्हतं.”

“हं...”

बुवांनी अडकित्ता उघडला आणि सुपारी कातरायला घेतली. 

घाटाच्या पायथ्याशी नाथपंथी मठ. मठासमोर चिंच, आणि चिंचेखाली पांढरी रुग्णवाहिका. देवळापुढे नंदी असावा तशी ती तिथे उभी असायची. घाटात गाड्या पडत, आजूबाजूच्या वाड्यांवर बायका अडत, म्हातारी माणसं छातीला हात लावून बसत. फोन मठात यायचा आणि बुवा निघायचे. भगवी कफनी घालण्याआधी त्यांनी अर्धं आयुष्य लष्कराच्या वैद्यकीय पथकात काढलं होतं. माणसाला कसं उचलावं हे शिकायला जिल्ह्यातली पोरं त्यांच्याकडे येत. महिनाभर बरोबर फिरवून बुवा सांगत, हा चालेल किंवा हा नाही चालणार. बुवा नाही म्हणाले, तर जिल्ह्याच्या रुग्णवाहिका सेवेत त्याला कोणी घेत नसे.

जयंतने पॅरामेडिकचा अभ्यासक्रम पुरा केला होता. निम्म्या वयाच्या पोरांच्या शेजारी बाकावर बसून, आणि तोही पहिल्या नंबराने. नोकरीचा राजीनामा देऊन झाला होता. आता सगळं या सुपारी कातरणाऱ्या म्हाताऱ्याच्या एका शब्दावर अडलं होतं.

“चांगली खुर्चीची नोकरी होती,” बुवा म्हणाले. “का सोडलीस?”

“खोट्याचा कंटाळा आला.” हे उत्तर जयंतने वाटेत बसमध्येच घोळवून ठेवलं होतं. “जन्मभर लबाड माणसं बघितली. रुग्णवाहिकेत माणूस खोटं बोलत नाही. जीव जायला लागला की सोंगं गळून पडतात. मला आता खऱ्या दुखण्यासाठी काम करायचंय.”

अडकित्ता थांबला.

“हे तुला कोणी सांगितलं?”

“काय?”

“रुग्णवाहिकेत माणूस खोटं बोलत नाही, ते.”

बुवांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि जागा दाखवायला उठले.

घरून निघताना बायको त्याला म्हणाली होती, “तुम्हाला पेशंट सापडणार नाहीत हो. तुम्हाला आरोपीच सापडतील.” सुनीती असं काहीतरी बोलायची आणि भाजी चिरायला लागायची. जयंतने ते मनावर घेतलं नव्हतं.

आता बुवा म्हटलं की संशय आलाच. तो जयंतचा दोष नव्हे. आपल्याकडे बुवांनीच ती सोय करून ठेवली आहे. पहिल्या दिवसापासून त्याने या बुवांवर नजर ठेवली. ताईत देतात का? नाही. अंगारा? नाही. पाया पडून घेतात का? कोणी वाकलं की हेच मागे सरत. जयंतचा अनुभव असा की, जो माणूस काहीच घेत नाही, तो कुठेतरी मोठं घेत असतो. त्याच्या मनात पाल चुकचुकत राहिली.

मठातली माणसंही काही कमी नव्हती. हा पुण्याचा मनुष्य सारखा कोपऱ्यात उभा राहून बघतो काय, मठाच्या जमिनीच्या वहिवाटीबद्दल विचारतो काय... गाडी चालवणाऱ्या इस्माईलने एकदा सरळच विचारलं, “साहेब, खरं सांगा, तुम्ही कुणाची चौकशी करायला आलाय?”

“मी शिकायला आलोय.”

“बरं,” इस्माईल म्हणाला. त्याला ते पटलं नव्हतं, आणि न पटल्याचं त्याने लपवलंही नाही.

आणि मग ते पाण्याचं.

कुठल्याही घरी गाडी गेली की बुवा दारातूनच मोठ्यांदा म्हणत, “कोणीतरी तांब्याभर पाणी द्या.” आत माणूस तळमळतोय आणि यांना पाणी. पाणी येई. बुवा तांब्या हातात घेत, बाजूला ठेवत आणि पेशंटकडे वळत. पाण्याचा एक घोटही घेत नसत.

जयंतने हे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा त्याची खात्री झाली की इथेच कुठेतरी पाणी मुरतंय. मंतरत असतील. ओठ हलतात का, तेही त्याने निरखून पाहिलं. हलत नव्हते.

शेवटी त्याने विचारलं, “बुवा, पाणी कशाला मागता?”

“तहान लागते.”

“पण पीत तर नाही तुम्ही.”

“बघतोस वाटतं,” बुवा म्हणाले. “बघ, बघ...”

महिना संपत आला होता. अजून एकदाही बुवांनी त्याला एखादा पेशंट आपणहून तपासायला सांगितला नव्हता. पिशवी धर, ऑक्सिजन लाव, पाय सरळ कर, एवढंच. जयंतला हे अपमानाचं वाटू लागलं होतं. आपल्याला इथून हात हलवत परत पाठवायचा यांचा विचार दिसतोय, असं त्याने सुनीतीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “त्यांनाही तुमचा संशय आला असेल.”

आणि एके दिवशी भर दुपारी फोन आला. वरच्या वाडीत, नव्या घराच्या वास्तुशांतीत, बाईला फिट आली होती.

घर स्लॅबचं, रंगाचा वास अजून गेला नव्हता. अंगणात मांडव, मांडवात पंगत मांडलेली, पानं वाढलेली, आणि एकही माणूस जेवायला बसलेला नाही. पाहुणे घोळक्याने उभे होते. मधोमध जमिनीवर एक तरुण बाई आडवी पडली होती. नवी साडी, हातभर हिरवा चुडा. तिच्या नाकाशी कोणीतरी चप्पल धरली होती. फोडलेला कांदा बाजूला पडला होता.

“गाडी कुणी बोलावली?” पांढरा सदरा घातलेला एक जण पुढे आला. तो तिचा नवरा, दिगंबर. “आमी बोलावली नाय.”

“मी बोलावली,” घोळक्यातले एक वयस्कर पाहुणे म्हणाले. “पोरगी तासभर उठंना. चार माणसांत बरं दिसतं का ते?”

“तासभर कुठं? आत्ताच तर पडली.” हे सासू. ती सुनेच्या उशाशी उभी होती, आणि तिथून हलत नव्हती. “सकाळधरनं ठणठणीत व्हती. अन् नेमकी पंगत बसायच्या वेळंला पडली बघा. घरच्या घरी कधी पडली नाय. आज सगळं गाव आल्यावर बरी पडली.”

जयंतने कान टवकारले. ही बाई हुशार होती. त्याच्याच मनातलं बोलत होती.

खरी फिट मुहूर्त बघून येत नाही. माणूस कधी पडतो, कोणासमोर पडतो, हे पहिलं बघायचं. त्याच्या जुन्या धंद्यातला हा पहिला धडा होता.

“कोणीतरी तांब्याभर पाणी द्या,” बुवा म्हणाले.

कोणी हललं नाही.

एरवी हा शब्द निघाला की तिघे-चौघे धावत. माणसाला अशा वेळी काहीतरी करायचं असतं, आणि पाणी आणणं सगळ्यांनाच जमतं. इथे पाहुण्यांनी घरच्यांकडे पाहिलं. घरचे तिघे, सासू, नवरा आणि दीर, त्या बाईच्या तीन बाजूंना उभे होते तसेच उभे राहिले.

“देतो की पाणी,” दीर म्हणाला. “आधी तिला बघा.”

एक पाहुणी बाई आपणहून घराकडे वळली. सासूने तिला तिथेच अडवलं. “थांबा ओ तुमी. आत नका जाऊ.”

“अवो, पाणीच तर...”

“म्हनलं ना, आत नका जाऊ.”

पाहुणी ओशाळून मागे आली. जयंतला ते खटकलं. कसली ही माणसं, दारी आलेल्याला पाणी नाही, असं त्याच्या मनात आलं आणि तिथेच राहिलं.

बुवा त्याच्याकडे वळले.

“बघ तिला,” ते म्हणाले.

महिन्यातलं पहिलं “बघ तिला.” जयंत गुडघ्यावर बसला. हात आपोआप कामाला लागले. श्वास चालू होता. तोंडाला फेस नाही, जीभ चावलेली नाही. त्याने पापणी उघडायला बोट लावलं. पापणीने किंचित जोर केला. बेशुद्ध माणसाची पापणी जोर करत नाही.

त्याने तिचा उजवा हात मनगटाला धरून उचलला, बरोबर चेहऱ्यावर आणला, आणि सोडून दिला.

ही एक साधी परीक्षा आहे. माणूस खरोखर बेशुद्ध असेल, तर हात सरळ तोंडावर आपटतो. जागा असेल, तर कितीही ठरवलं तरी स्वतःचं नाक त्याला फोडून घ्यायचं नसतं.

बाईचा हात क्षणभर अधांतरी थांबला. मग कानाच्या बाजूला घसरून खाली पडला. चुडा किणकिणला.

सापडली.

जयंतला एकदम बरं वाटलं. महिनाभरात असं बरं वाटलं नव्हतं. आपण अजून आहोत तेच आहोत, डोळा अजून शाबूत आहे, आता या म्हाताऱ्यालाही कळेल. त्याने मान वर केली. समोर सासू उभी होती. ती त्या पडलेल्या हाताकडे बघत होती, आणि तिच्याही चेहऱ्यावर तेच समाधान होतं.

ते पाहून जयंतला कसंसंच झालं. पण शब्द ओठांवर आलेला होता.

“हिला काही...”

बुवा पाहुण्यांकडे पाठ करून त्याच्या शेजारी बसले. गुडघे कडकड वाजले. त्यांनी बाईचा तोच हात मनगटाला धरून उचलला, चेहऱ्यावर आणला. सोडला नाही. हळूच खाली नेला आणि तिच्या नाकातोंडावर आडवा ठेवला.

“हात तोंडावर पडला,” बुवा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “बघितलंस?”

जयंत बघतच राहिला.

“बघितलंस का, उकिडवे?”

जयंतच्या तोंडून हो निघेना, नाहीही निघेना. मांडवातले सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. 

“खोल बेशुद्ध आहे,” बुवा उठत म्हणाले. “स्ट्रेचर आण, इस्माईल.”

“न्यायची गरज नाय,” दिगंबर म्हणाला. “ती उठंल. तिला असं हुतंच.”

“मघाशी तर तुझी आई म्हणाली, घरी कधी पडली नाही,” ते वयस्कर पाहुणे म्हणाले.

घोळक्यात कुजबुज झाली. दिगंबरने आईकडे पाहिलं. आईने पाहुण्यांकडे पाहिलं. इतक्या लोकांसमोर बेशुद्ध सुनेला गाडीत घालू द्यायचं नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

“मग मी येतो संगं,” दिगंबर म्हणाला. “तिच्यापाशी बसतो.”

“पुढं बसायचं,” बुवा म्हणाले. “मागं जागा नाही.”

मागे जागा होती. जयंतने ती पाहिली होती.

गाडी सुटली. पुढे इस्माईल आणि दिगंबर, मागे ते दोघे आणि स्ट्रेचरवर ती. मधल्या पत्र्याला एक लहानशी सरकती काच. निघताना सासू पाहुण्यांशी बोलत होती, त्यातून तिचं नाव जयंतला कळलं होतं, सारिका.

बुवा मागच्या दाराच्या काचेतून बाहेर बघत बसले. जणू त्यांचं काम संपलं होतं.

जयंतच्या डोक्यात नुसती आग होती. भर मांडवात, शंभर माणसांपुढे, हा कफनीतला माणूस धडधडीत खोटं बोलला, आणि आपल्याला साक्षीला उभं केलं. महिनाभर जे शोधत होतो ते आज सापडलं. हे असले आहेत बुवा. पण यात यांचा फायदा काय? हे मात्र त्याला काही केल्या सापडेना, आणि त्यामुळे तो जास्तच चिडला.

“बुवा, तो हात...”

“नाडी बघ तिची,” बुवा मागे न वळता म्हणाले.

जयंतने नाडी धरली. पण मोजण्याआधी तो तिच्या कानाशी वाकला. राहवेना त्याला.

“बाई,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “मला सगळं कळलंय. उठून बसा.”

ती हलली नाही. डोळेही उघडले नाहीत. मिटलेल्या पापणीतून पाणी निघून कानाकडे गेलं. मग ओठ जेमतेम हलले.

“लांबच्या दवाखान्यात न्या...”

लांबच्या? जयंतच्या जुन्या डोक्याने लगेच हिशेब मांडला. लांबच्या दवाखान्यात कोण थांबलंय हिचं? कोणाशी काय ठरवून आलीय ही? नवरा बिचारा पुढे बसलाय, आणि आपण याला हातभार लावतोय की काय?

मधली काच खटकन सरकली.

“शुद्धीवर आली का ओ?” दिगंबरने विचारलं.

जयंतच्या बोटांखाली नाडी उसळली.

ती आधीच भरभर चालली होती, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. पण या आवाजासरशी ती अशी धावली की मोजणं मुश्किल. चेहरा शांत, श्वास शांत, अंग लाकडासारखं. सगळं सोंग बेमालूम वठलेलं, आणि बोटांखाली हे असं. पंधरा-सोळा वर्षं जयंतने चेहरे वाचले होते, चाली वाचल्या होत्या, कागद वाचले होते. कोणाची नाडी मात्र त्याने तेव्हा हातात धरली नव्हती.

“काय विचारतोय मी?” दिगंबरचा आवाज चढला. “आली का शुद्धीवर? फाट्यावरनं डाव्या हाताला आमच्या वळखीचे डॉक्टर हायत. तिथंच घ्या गाडी. इंजेक्शन देतील, की लगेच घरी नेतो. पाहुणे खोळंबलेत.”

नाडी पुन्हा उसळली. ‘घरी’ या शब्दाला.

इस्माईलने गाडीचा वेग कमी केला. फाटा आला होता. डावीकडे ओळखीचे डॉक्टर, सरळ गेलं की जिल्ह्याचं रुग्णालय.

“बुवा, डावीकडं का सरळ?” इस्माईलने आरशातून विचारलं.

बुवा अजूनही मागच्या काचेतून बाहेर बघत होते.

“पेशंट माझा नाही,” ते म्हणाले. “उकिडव्यांचा आहे. त्यांना विचार.”

गाडी उभी राहिली.

जयंतला या म्हाताऱ्याचा संताप आला. यापेक्षा सरळ घरी जा म्हणाले असते तरी चाललं असतं. आता त्याने तोंड उघडलं, की एक बाई डावीकडे तरी जाणार होती, नाहीतर सरळ. खरं सांगितलं, तर ती अर्ध्या तासात त्या घरात. आणि तिथे काय आहे, हे त्याला माहीत नव्हतं. पाहुणीला पाण्यासाठीही आत जाऊ दिलं नाही, एवढं माहीत होतं. मघाशी खटकून तिथेच राहिलेली गोष्ट आता वर आली.

ती लबाड असू शकत होती. नवरा भला असू शकत होता. कशाचाच पुरावा नव्हता, एक नाडी सोडली तर.

सारिकाचा हात स्ट्रेचरच्या पट्ट्याखाली होता. त्या हाताने जयंतच्या शर्टाची बाही चिमटीत धरली. अगदी हलकेच. ओढलीसुद्धा नाही.

“नाही,” जयंत म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. “शुद्धीवर आलेली नाही. नाडी फार वाढलीय. तिथे भागणार नाही.”

काचेतून दिगंबर त्याच्याकडे रोखून बघत होता. जयंत इतकी वर्षं ज्या नजरेने लोकांकडे बघत आला, तीच नजर आज त्याच्यावर होती.

“सरळ घे, इस्माईल,” तो म्हणाला.

जिल्ह्याच्या रुग्णालयात बुवांनी दारातल्या सिस्टरला एवढंच सांगितलं, “हिच्या एकटीशीच बोला. घरचं माणूस बाहेर ठेवा.” सिस्टरने एकदा बुवांकडे पाहिलं, एकदा दिगंबरकडे, आणि जास्त काही विचारलं नाही. पडदा ओढला गेला.

पडदा ओढला जाताजाता फटीतून जयंतने पाहिलं, सारिका स्ट्रेचरवर उठून बसली होती. तिने सर्वात आधी सिस्टरकडे फोन मागितला. नंबर तिला पाठ होता.

दिगंबरने बराच आरडाओरडा केला. बायको नाटकी आहे, तुम्ही भुललात, हे सगळं नाटक आहे, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. दारावरच्या पोलिसाने त्याला बाकावर बसवलं. दिवस मावळायच्या आत सारिकाचा भाऊ येऊन पोचला. धापा टाकत आलेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला. तो पडद्याआड गेला आणि आतून रडण्याचा आवाज आला. तो भावाचा होता.

त्या घरात काय चाललं होतं, ते रंभाजीबुवांनी विचारलं नाही. जयंतने विचारायला पाऊल उचललं, तेव्हा त्यांनी त्याच्या हातात साबणाची बादली दिली. गाडी धुवायची होती.

रुग्णालयामागच्या नळावर दोघे गाडीचा मागचा भाग धुऊ लागले. इस्माईल चहा सांगायला गेला.

“ती सोंग करत होती,” जयंत म्हणाला.

“हो.”

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“हात मीच तोंडावर ठेवला रे. मला ठाऊक नसेल?”

“आणि तिच्या घरात काहीतरी वाईट चाललंय, हेही ठाऊक होतं?”

“नाही.”

जयंतच्या हातातलं फडकं थांबलं. “नाही?”

“मी काय अंतर्ज्ञानी आहे?”

“मग ती लबाड निघाली असती तर? सासू साधी आणि हीच...”

“असेल.”

“अजूनही असेल?”

“असेल की. मला कुठं माहीत आहे...”

नळाचं पाणी वाहत होतं. जयंतने नळ बंद केला. त्याला आता खरोखर कळेनासं झालं होतं, आणि कळेनासं होण्याची त्याला सवय नव्हती. थोडी लाजही वाटत होती. त्या मांडवात, सासूच्या चेहऱ्यावर त्याने स्वतःचा चेहरा पाहिला होता, आणि तो त्याला विसरता येत नव्हता.

“म्हणजे या कामात संशय घ्यायचाच नाही?” त्याने विचारलं.

“कोण म्हणतं? घे की. पोटभर घे. माझ्याएवढा संशयी माणूस या घाटात दुसरा नाही.” बुवांनी फडकं पिळलं. “जी पडली होती, तिच्यावर तू घेतलास. जे उभे होते, त्यांच्यावर मी घेतला. पाणी मागितलं की कोण धावतं आणि कोण जागचं हलत नाही, ते दिसतं.”

“आणि माझ्यावर?”

“तुझ्यावर तर पहिल्या दिवसापासून आहे.”

“अजून?”

“अजून...”

जयंतला हसू आलं. महिना संपायला आला होता. हा चालेल की नाही चालणार, ते बुवांनी अजून सांगितलं नव्हतं, आणि आज ते विचारायचा धीर त्याला होत नव्हता. आज तो खोटं बोलला होता. आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, कामावर असताना, भर रस्त्यात. त्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं, आणि याचीच त्याला धास्ती वाटत होती.

त्याने स्ट्रेचरची एक बाजू धरली. दुसरी बुवांनी धरली. दोघांनी ते गाडीत सरकवलं. खटका बसल्याचा आवाज आला.

“बुवा.”

“बोल.”

“उद्या एखादा खरोखरच फसवायला झोपला तर? भीती नाही, संकट नाही, काही नाही. नुसता लबाड. आपल्याला स्वच्छ दिसतंय की हा सोंग करतोय. तेव्हा काय करायचं?”

बुवांनी खटका नीट बसलाय का, ते स्ट्रेचर हलवून पाहिलं. मग पुन्हा एकदा हलवून पाहिलं.

“स्ट्रेचर घट्ट धरायचं,” ते म्हणाले. “सोंग घेतलेला माणूस खाली पडला, तरी त्याला खरंच लागतं.”